विद्येचा मान आणि मानाच्या शाखा

आमच्या शाळेच्या कार्यालयात दाराच्या वर एक लाकडी फलक लावलेला आहे. दरवर्षी परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे नाव त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिले जाते. निंबोल्यासारख्या गावी कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या निमाडी, कोणाच्या कोरकू, आणि बाजारात सर्वांचा व्यवहार हिंदीत चालतो. अशा ठिकाणी सर्वांना सारखाच वाचता येणारा आणि सर्वांना सारखाच अभिमान वाटावा असा हा एकच फलक आहे, अशी आम्हां शिक्षकांची समजूत होती. गेल्या उन्हाळ्यात फलकावर एकच ओळ उरली. म्हणून नवा फलक करवून घेण्यासाठी मी बऱ्हाणपुरास सुताराकडे गेलो होतो.

तेथे एक जुना विद्यार्थी भेटला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या ओळीवर त्याचे नाव आहे. आता तो एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. मी कौतुकाने फलकाची गोष्ट काढली. तो नम्रपणे म्हणाला, “सर, नाव लिहिले त्या दिवशी फार आनंद झाला होता. पण त्यानंतर शाळेने मला कधी बोलावले नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तसा तो असता, तर कदाचित मी चार समर्पक उत्तरे देऊन मोकळा झालो असतो. सूर नव्हता म्हणूनच ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले.

विद्येचा मान करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? तो कोणी करावा, कोणाचा करावा, आणि मान झाल्यावर मानकऱ्याचे व मान करणाऱ्यांचे नाते कोणते राहावे? प्रश्न लहान शाळेच्या फलकावरून सुचला असला, तरी तो लहान नाही. आपल्या महाराष्ट्राने त्याला शंभर-सव्वाशे वर्षे एक उत्तर देऊन पाहिले. त्याच सुमारास दूर अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांनी दुसरे उत्तर दिले. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहिली असता शिक्षकास उपयोगी पडेल असे काही हाती लागते, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम आपले उत्तर पाहू. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्याकडे श्रावणात ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याचा प्रघात होता. इ. स. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले. त्यानंतर पहिल्या बाजीरावांनी हा प्रघात पुण्यास चालू केला. पुढे तो वाढत गेला. काशी, कनोज, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण श्रावणात पुण्यास येत. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे मोठे आवार होते. तेथे दक्षिणेचा समारंभ चाले. या समारंभाच्या दोन बाजू होत्या. सामान्य भिक्षुकांस सरसकट दक्षिणा मिळे; परंतु वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र यांत जे व्युत्पन्न असत, त्यांची परीक्षा घेऊन विद्वत्तेच्या मानाने त्यांस निराळी दक्षिणा दिली जाई. म्हणजे या प्रथेत दानधर्माच्या पोटी विद्वत्तेच्या गौरवाची एक व्यवस्थित योजना दडलेली होती.

ही योजना अगदीच ढिसाळ होती असे मानण्याचे कारण नाही. रामशास्त्री प्रभुणे यांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. शास्त्रीबोवांचे स्वतःचे बंधू दक्षिणेसाठी पुढे आले, तेव्हा त्यांस नात्यामुळे अधिक द्यावे असे नाना फडणिसांनी सुचविले. रामशास्त्री म्हणाले की, यांची विद्या सामान्य, तेव्हा सरकारांतून यांस सामान्यांइतकेच मिळावे. भाऊ म्हणून काय द्यावयाचे ते मी माझ्या पदरचे देईन. आख्यायिकेचा तपशील कसाही असो. दक्षिणेची रक्कम हे विद्येचे माप आहे आणि मापात खोट नसावी, ही जाणीव त्या काळी होती, एवढे तिच्यावरून दिसते.

तथापि या मानाची मुळे कोठे होती, हे पाहिले पाहिजे. ती सरकारी तिजोरीत होती. दक्षिणा घेऊन शास्त्री आपापल्या गावी परतत. पुण्यात ज्यांची परीक्षा एकत्र झाली, त्यांचे परस्परांशी पुढे काही बंधन राहत नसे. पुढच्या श्रावणात पुन्हा यावे, पुन्हा परीक्षा द्यावी, पुन्हा घेऊन जावे. मानकऱ्यांची यादी होती, मंडळ नव्हते. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी, आमच्या निंबोल्याहून जो रस्ता उत्तरेस जातो त्यावरचा असीरगडही इंग्रजांच्या हाती गेला. राज्याबरोबर तिजोरी गेली. तिजोरीबरोबर मान कोठे जाणार हा प्रश्न पुण्याच्या विद्वानांपुढे उभा राहिला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी लोकांचे मन राखण्यासाठी दक्षिणा कमी प्रमाणात चालू ठेवली, आणि तिच्यातील काही रकमेतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे सरकारने दक्षिणेसाठी नवी नावे घेणे बंद केले. जुनी माणसे एकेक करून गेली आणि रमणा रिकामा झाला. कोणी त्याचा विध्वंस केला नाही. देणाऱ्याने हात आखडता घेतला एवढेच. आणि घेणाऱ्यांत आपसांत असे काहीच नव्हते की ज्याच्या जोरावर ती परंपरा त्यांनी आपली आपण चालवावी.

आता दुसरे उत्तर. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्य जाहीर केले ते ४ जुलै १७७६ रोजी. त्यानंतर पाच महिन्यांनी, ५ डिसेंबर १७७६ रोजी, व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग गावी विल्यम अँड मेरी या कॉलेजातील काही विद्यार्थी एका खाणावळीत जमले आणि त्यांनी एक मंडळ स्थापिले. ज्ञानप्रेम हेच जीवनाचे सुकाणू, अशा अर्थाचे ग्रीक भाषेतील तीन शब्द त्यांनी ब्रीद म्हणून घेतले आणि त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून मंडळास ‘फाय बीटा कॅपा’ हे नाव दिले. मैत्री, सदाचार आणि विद्या या तिघांची खूण म्हणून त्यांच्या पदकावर तीन तारे कोरलेले असत. आरंभी हे मंडळ गुप्त होते. सभेत निबंध वाचावे, वादविवाद करावे, आणि ज्यास आपण योग्य मानू त्यासच आत घ्यावे, एवढेच त्याचे काम. या पहिल्या मंडळींत पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल हेही होते.

या मुलांनी एक दूरदर्शी गोष्ट केली. आपले मंडळ एकाच गावी राहू नये म्हणून त्यांनी अन्य कॉलेजांत शाखा काढण्याची सनद दिली. त्याप्रमाणे येल येथे १७८० साली आणि हार्वर्ड येथे १७८१ साली शाखा निघाल्या. याच सुमारास इंग्रजी फौजा व्हर्जिनियात शिरल्या. १७८१ च्या आरंभी विल्यम्सबर्गचे मूळ मंडळ बंद पडले. तोवर तेथे सुमारे पन्नास सभासद झाले होते. मंडळाचे बुंध वठले; परंतु त्याआधीच दोन पारंब्या जमिनीत रुजल्या होत्या. झाड त्यांच्या बळावर उभे राहिले, आणि पुढच्या शतकात विल्यम अँड मेरीची शाखाही पुन्हा सुरू झाली. रमण्याची आणि विल्यम्सबर्गची गोष्ट शेजारी ठेवून पाहावी ती येथेच. दोन्हीकडे युद्ध आले, दोन्हीकडे सत्ता पालटली. एकीकडे मान सत्तेला बांधलेला होता, तो सत्तेबरोबर ओसरला. दुसरीकडे तो माणसांनी एकमेकांस दिलेला होता, तो माणसांबरोबर दुसऱ्या गावी गेला.

आज अमेरिकेत या मंडळाच्या तीनशेच्या आसपास शाखा आहेत. त्यांची रचना शिक्षकांस विचार करण्यासारखी आहे. शाखा मागण्याचा अधिकार कॉलेजच्या चालकांस नाही. तेथील अध्यापकांपैकी जे स्वतः या मंडळाचे सभासद आहेत, त्यांनी एकत्र येऊन अर्ज करावयाचा. मग कॉलेजची पाहणी होते, तेथील ग्रंथालय, अध्यापन, विषयांचा विस्तार हे सारे तपासले जाते, आणि दर तीन वर्षांनी भरणाऱ्या सर्व शाखांच्या परिषदेत सनद द्यावयाची की नाही ते ठरते. ही परिषद १८८३ साली सर्व शाखा एका सूत्रात आल्या तेव्हापासूनची आहे. विद्यार्थ्यासही अर्ज करता येत नाही. त्यास निमंत्रण यावे लागते. एखाद्याच विषयात पारंगत असून भागत नाही. भाषा, साहित्य, इतिहास, शास्त्रे, गणित अशा विविध विषयांत त्याने रस घेतलेला असावा, परकी भाषा व गणित यांचा काही अभ्यास झालेला असावा, अशी अपेक्षा असते. निवड करतात ते शाखेचे सभासद. राज्यातील पहिल्या शाखेस त्या राज्याची अल्फा, दुसरीस बीटा, अशी ग्रीक वर्णमालेतील नावे दिली जातात. म्हणून येलची शाखा कनेक्टिकटची अल्फा आणि हार्वर्डची मॅसॅच्युसेट्सची अल्फा म्हणवते.

हे पाहून इतर विद्याशाखांतही अशी मंडळे निघाली. अभियांत्रिकीसाठी ‘टाउ बीटा पाय’ १८८५ साली, शास्त्रीय संशोधनासाठी ‘सिग्मा क्साय’ १८८६ साली, आणि सर्व विद्याशाखांसाठी ‘फाय कॅपा फाय’ १८९७ साली. प्रत्येकीच्या शाखा कॉलेजाकॉलेजांत पसरल्या.

येथे ‘शाखा’ या शब्दावर क्षणभर थांबले पाहिजे. अमेरिकेत या शाखेस ‘चॅप्टर’ म्हणतात. या शब्दाचा पहिला अर्थ ग्रंथाचा अध्याय. ख्रिस्ती मठांत साधू रोज एकत्र जमून आपल्या नियमग्रंथातील एक अध्याय वाचीत. त्यावरून त्या सभेसच ते नाव पडले, आणि पुढे एखाद्या संस्थेच्या स्थानिक मंडळास तोच शब्द लागू झाला. संस्कृतज्ञ वाचकांस यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे वेदाच्या शाखा म्हणजे वेदाचे पाठ, आणि तो पाठ म्हणणारा समुदाय म्हणजेही शाखाच. शाकल, माध्यंदिन, काण्व, तैत्तिरीय ही नावे ग्रंथाचीही आहेत आणि माणसांचीही. पतंजलीने महाभाष्यात ऋग्वेदाच्या एकवीस शाखा सांगितल्या आहेत. आज पठणात टिकली आहे ती मुख्यतः शाकल. बाकीच्या नाहीशा झाल्या त्या कोणी पोथ्या जाळल्यामुळे नव्हे. पाठ म्हणणारी माणसे संपली म्हणून. ग्रंथ आणि त्याच्याभोवती जमणारी माणसे ही दोन्ही मिळून शाखा होते, हे तत्त्व दोन्ही शब्दांच्या पोटात आहे. आमच्या फलकावर नावे होती. परंतु त्यांच्याभोवती जमणारी माणसे नव्हती. म्हणून तो फलक शाखा झाला नाही.

एवढ्यावरून अमेरिकन मंडळ निर्दोष आणि आपली प्रथा सदोष, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आपसांत निवड करणाऱ्या प्रत्येक मंडळास एक रोग जडण्याचा संभव असतो. आत असलेले आपल्यासारख्यांनाच आत घेतात. वेदाच्या शाखांनी स्त्रीशूद्रांस दार बंद ठेवले. फाय बीटा कॅपानेही जवळजवळ शंभर वर्षे एकही स्त्री सभासद केली नाही. १८७५ साली व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने दोन विद्यार्थिनींची निवड केली, त्या पहिल्या. त्याच शाखेने १८७७ साली जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास सभासद केले. त्याचा जन्म गुलामगिरीत झाला होता. लक्षात घ्यावयाचे ते असे की, हे दार मध्यवर्ती सत्तेच्या हुकुमाने उघडले नाही. दूरच्या एका शाखेने ते उघडले. पुष्कळ शाखा असण्याचा हाही एक लाभ असतो. एखादी शाखा तरी काळाच्या पुढे असते.

आपल्याकडे दार उघडण्याचा प्रश्न दक्षिणेच्याच संदर्भात आणि फार तीव्रतेने उभा राहिला. दक्षिणा ब्राह्मणांसाठी आणि संस्कृत विद्येसाठी होती. १८४९ साली पुण्यातील सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस मिळावा. लोकहितवादी गोपाळराव देशमुख हे या चळवळीत अग्रभागी होते. सनातनी मंडळींचा विरोध इतका तीव्र झाला की, अर्जदारांच्या जिवास धोका उत्पन्न झाला. त्या वेळी जोतीराव फुले यांनी महार, मांग आदी समाजांतील माणसांचे संरक्षण त्यांस मिळवून दिले, असे जोतीरावांचे चरित्रकार सांगतात. ज्या विद्येच्या मानाच्या यादीत ज्यांचे नाव कधी येणार नव्हते, ते त्या यादीच्या सुधारणेसाठी रात्रीचा पहारा करीत होते. आपल्या वाङ्मयीन इतिहासातील हे चित्र प्रत्येक शिक्षकाने मनात बाळगावे असे आहे.

अर्जास यश आले. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथकारांस पारितोषिके मिळू लागली. मान संस्कृताकडून मराठीकडे आला. शास्त्र्यांकडून लेखकांकडे आला. परंतु निवड कोणाच्या हाती? १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविले. धर्माच्या नावाने नाडल्या जाणाऱ्या एका शेतकरी जोडप्याची ती कथा; शेवटी ती दोघे शिकण्याचा निश्चय करतात. कमिटीने ते स्वीकारले नाही. सभासदांत भिक्षुकवर्गाचा वरचष्मा असल्यामुळे असे झाले, हे जोतीरावांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. ते नाटक छापील स्वरूपात वाचकांसमोर यावयास १९७९ साल उजाडले. ज्यांनी १८४९ साली दाराचे रक्षण केले, त्यांनाच १८५५ साली दाराबाहेर राहावे लागले. निधीचे नाव बदलले, भाषा बदलली; निवडणारे हात बदलले नाहीत, म्हणून मानाचे स्वरूप पुरतेपणी बदलले नाही.

दक्षिणेच्या पैशाचे तिसरे रूपांतर मात्र पुष्कळ फलदायी ठरले. त्यातून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यात येऊ लागले. हुशार विद्यार्थ्यास वेतन द्यावे, त्याने पुढील अभ्यास करावा आणि त्याबरोबर खालच्या वर्गांस शिकवावे, अशी ही योजना होती. येथे प्रथमच मानास कर्तव्याची जोड मिळाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून जे पहिले बी. ए. झाले त्यांत हे दोघे आहेत. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंगही फेलो झाले. यांतील कोणीही मानाचे पैसे घेऊन गावी परतून स्वस्थ बसलेला नाही. शिकता शिकता शिकवावे लागल्याने त्यांस परस्परांची आणि धाकट्यांची सोबत मिळाली. प्रार्थना समाज, संशोधन, न्यायदान, ग्रंथकारांची संमेलने अशा अनेक कामांत ही मंडळी पुढे एकमेकांच्या सोबतीने दिसतात. फेलोशिपने एक अनौपचारिक शाखाच निर्माण केली, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही जुना प्रश्न सुटला नव्हता. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण रानड्यांनी जोतीरावांस पाठविले. जोतीरावांनी येण्यास नकार दिला. ज्यांच्या ग्रंथांत सर्व मनुष्यांच्या हक्कांचा विचार नाही, त्यांच्या सभेशी आमचा मेळ कसा बसावा, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. एकजण दक्षिणेच्या निधीवर वाढलेला, दुसरा त्याच निधीच्या कमिटीने नाकारलेला. निमंत्रणात सद्भाव होता यात शंका नाही. पण तीस वर्षे बंद असलेल्या दारातून आलेले निमंत्रण उशिरा आले होते.

स्त्रियांच्या बाबतीत असाच दाखला कॉर्नेलिया सोराबजी यांचा. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलियाबाई मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. त्यांच्या गुणांवरून इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांस मिळावयास हवी होती. त्या स्त्री आहेत या कारणाने ती नाकारण्यात आली. मग इंग्लंडमधील काही सहृदय व्यक्तींनी वर्गणी जमविली आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. नियमाने नाकारलेला मान माणसांनी आपल्या पदरचा दिला, रामशास्त्र्यांनी भावास द्यावयाचे कबूल केले होते तसा.

दक्षिणेच्या परंपरेनंतर आपल्याकडे विद्येचा मान प्रामुख्याने परीक्षेच्या यादीत राहिला. नाना जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती हे त्याचे सर्वात तेजस्वी उदाहरण. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास ती मिळे. पुढे कोशकार म्हणून कीर्ती मिळविणारे वामन शिवराम आपटे आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे तिचे मानकरी. देशमुखांनी १९१२ साली ती मिळविली. या शिष्यवृत्तीचा एक गुण असा की, तीत निवडणाऱ्यांच्या आवडीनिवडीस वाव नव्हता. उत्तरपत्रिका बोलत असे. तिची उणीवही तीच. उत्तरपत्रिका बोलून झाली की कोणी बोलत नसे. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविलेल्यांची नावे कोठेतरी लिहिलेली असतील; त्यांची सभा भरल्याचे कोणी ऐकले नाही. प्रत्येकजण आपापल्या वर्षी एकटा पहिला.

याच्या उलट टोकास डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आजीव सदस्यांची पद्धत आहे. डेक्कन कॉलेजात शिकत असता टिळक आणि आगरकर यांच्या ज्या चर्चा होत, त्यांतून शिक्षणाच्या कार्याचा संकल्प उभा राहिला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सहकार्याने १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, आणि १८८४ साली सोसायटी स्थापन झाली. आजीव सदस्य होणे हा त्या काळी पुण्यातील बुद्धिमान तरुणांस मोठा मान वाटे, आणि तो मान म्हणजे अल्प वेतनावर वर्षानुवर्षे शिकविण्याची प्रतिज्ञा होती. सदस्यांनी सदस्य निवडावयाचे. निवडलेल्याने काम उचलावयाचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने हेच तत्त्व खेड्यापाड्यांत नेले, आणि ज्यांच्या घरी पूर्वी पाटी आली नव्हती त्यांच्यासाठी दार उघडले. रयतने आपल्या बोधचिन्हात वडाचे झाड घेतले आहे आणि आपल्या शाळांस ती शाखा म्हणते. पारंब्या रुजविणारे झाड निवडणाऱ्यास शाखेचे मर्म कळले होते, यात संशय नाही.

या साऱ्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. एक, तिजोरीने दिलेला मान तिजोरीइतकाच टिकतो; माणसांनी माणसांस दिलेला मान शाखांनी पसरतो. दोन, निवडणाऱ्यांच्या मंडळात ज्यांना जागा नाही, त्यांच्या गुणास मानातही जागा मिळत नाही. म्हणून आधी निवडणाऱ्यांची पंगत मोठी केली पाहिजे. तीन, मानाबरोबर काम द्यावे. रमण्यातील शास्त्र्यास आपण पैसे दिले आणि निरोप दिला; फेलोस पैसे दिले आणि वर्ग दिला. कोणत्या मानातून रानडे झाले, ते आपल्यासमोर आहे.

१८३७ साली हार्वर्डच्या फाय बीटा कॅपा शाखेपुढे एमर्सन यांनी विद्वानाच्या कर्तव्यावर जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्याचे सार असे की, विद्वानाने केवळ पुस्तकांतील किडा होऊ नये. विचार करणारा पूर्ण माणूस व्हावे आणि कृतीपासून दूर राहू नये. मानकऱ्यांच्या सभेत मानकऱ्यांसच असे सुनावता यावे, हेही शाखेचे एक कार्य आहे. फलकास असे काही सुनावता येत नाही.

आमच्या शाळेत आता नवा फलक लागला आहे. तो काढून टाकावा असे मी म्हणत नाही. नाव लिहिलेले पाहून मुलाच्या आईस जो आनंद होतो, त्याचे मोल मला ठाऊक आहे. परंतु यंदा आम्ही दोन गोष्टी ठरविल्या आहेत. फलकावर एका ऐवजी तीन नावे लिहावयाची: एक परीक्षेत पहिल्या आलेल्याचे, एक ज्याने खालच्या वर्गातील मुलांस वाचावयास शिकविले त्याचे, आणि एक विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेल्या सोबत्याचे. निवड करणाऱ्यांत शिक्षकांबरोबर वरच्या वर्गातील मुले-मुली आणि गावातील दोन पालक असतील. त्यांपैकी एक तरी असा असेल की ज्याच्या घरची भाषा मराठी नाही. आणि श्रावणात, ज्या महिन्यात पुण्यास दक्षिणा वाटली जाई त्याच महिन्यात, फलकावरील जुन्या सर्व नावांस पत्र पाठवून शाळेत बोलवावयाचे. त्यांस सत्कार, हार, नारळ काही द्यावयाचे नाही. प्रत्येकाने एक तास एका वर्गास आपल्या कामाविषयी काही शिकवावे, एवढीच विनंती करावयाची. केळीच्या बागेचा हिशेब कसा ठेवतात, हेही शिकविण्यासारखे आहे आणि व्याकरणही.

यांतून शाखा निघेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. विल्यम्सबर्गच्या मुलांसही ते ठाऊक नव्हते. पहिले पत्र मी बऱ्हाणपूरच्या त्या कारखान्याच्या पत्त्यावर टाकले. आठ दिवसांनी उत्तर आले. त्यात त्याने दोनच गोष्टी विचारल्या होत्या: कोणत्या दिवशी यावयाचे, आणि कोणत्या वर्गास शिकवावयाचे.